वारंवारतेची मोजणी आणि अँटेनाची पाळी

वायरलेस किंवा वॉकीटॉकी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या बिनतारी संचाचे सर्वांत मोठे बळ हे की त्याला मध्यस्थाची गरज पडतेच असे नाही. मोबाइलवरचे बोलणे आधी मनोऱ्यावर, तिथून तारेने किंवा दुसऱ्या लहरीने केंद्रावर आणि तिथून पुन्हा एखाद्या मनोऱ्यावर जाते, आणि या साखळीतील एखादी कडी निखळली, वीज गेली किंवा एकाच वेळी हजारो माणसे फोन लावू लागली, तर जवळच्या माणसाशीही बोलणे होत नाही. बिनतारी संचातून निघालेली लहर मात्र थेट दुसऱ्या संचाच्या अँटेनावर पोहोचू शकते. पोलीस, रेल्वे, अग्निशमन दल आणि आपत्ती व्यवस्थापन यांनी मोबाइलच्या काळातही हे साधन सोडलेले नाही, ते यामुळेच.

मराठवाड्याला या साधनाचे मोल फार मोठी किंमत मोजून कळले आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर या परिसराला ६.२ परिमाणाच्या भूकंपाचा धक्का बसला, ५२ गावे जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे दगडामातीच्या घरांखाली गाडली गेली. भारतात मोबाइल सेवा सुरू झाली ती त्यानंतर जवळपास दोन वर्षांनी, ३१ जुलै १९९५ रोजी. त्यामुळे कोणत्या गावात किती हानी झाली आहे, डॉक्टर कुठे हवेत, ढिगारा उपसणारी यंत्रे कुठे पाठवायची, हे सांगण्यासाठी तारांच्या दूरध्वनीखेरीज बिनतारी संदेश हाच मार्ग होता. शासकीय यंत्रणांच्या बरोबरीने हॅम रेडिओचालकांनी, म्हणजे परीक्षा देऊन परवाना मिळवणाऱ्या हौशी बिनतारी संदेशकांनीही, आपापले संच घेऊन या कामाला हातभार लावला.

अशा संचाच्या बाजूला एक बटण असते. ते दाबले की बोलता येते, सोडले की ऐकता येते. हे बटण दाबल्यावर आणि सोडल्यावर संचाच्या आत दोन महत्त्वाच्या गोष्टी घडतात: एक, संच ठरलेल्या वारंवारतेवर अचूक जाऊन बसतो आणि दोन, एकच अँटेना प्रेषकाकडून (लहर पाठवणाऱ्या भागाकडून) ग्राहकाकडे (लहर पकडणाऱ्या भागाकडे) किंवा ग्राहकाकडून प्रेषकाकडे सोपवली जाते. पहिले काम फ्रिक्वेन्सी सिंथेसायझर करतो, दुसरे अँटेना स्विच. ही दोन्ही कामे बिनचूक आणि एकमेकांच्या मेळाने झाली तरच संदेश पोहोचतो.

नेमक्या जागी बसण्याची अट

वारंवारता म्हणजे लहरीची एका सेकंदात होणारी आवर्तने. पोलीस आणि रेल्वे यांच्याकडील अनेक संच व्हीएचएफ पट्ट्यात, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ कोटी आवर्तने किंवा १५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. हा पट्टा अरुंद वाटांमध्ये विभागलेला असतो, प्रत्येक वाटेला चॅनेल म्हणतात आणि दोन शेजारच्या चॅनेलमधले अंतर आज बहुधा १२.५ किलोहर्ट्झ असते. १५० मेगाहर्ट्झच्या तुलनेत हे अंतर बारा हजारांतला एक भाग इतकेच भरते. बोलणाऱ्याचा संच आपल्या जागेवरून थोडा जरी सरकला, तरी ऐकणाऱ्याला आवाज फाटका येतो आणि शेजारच्या चॅनेलवर दुसऱ्याच कोणाच्या बोलण्यात व्यत्यय येतो.

ही अचूकता पूर्वी क्वार्ट्झच्या स्फटिकांनी साधली जाई. विशिष्ट जाडीत कापलेली क्वार्ट्झची चकती विजेच्या प्रेरणेने स्वतःच्या ठरलेल्या वारंवारतेने कंप पावते आणि ती वारंवारता सहसा बदलत नाही. उदाहरणार्थ, १२.५ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाची वारंवारता पुढच्या टप्प्यांत १२ पट वाढवली की १५० मेगाहर्ट्झ मिळतात. अडचण अशी की प्रत्येक चॅनेलसाठी वेगळा स्फटिक लागे, तोही बहुधा एक बोलण्यासाठी आणि एक ऐकण्यासाठी. म्हणजे सहा चॅनेलच्या संचात बारा स्फटिक बसवावे लागत. शेजारच्या जिल्ह्यातून मदतीला आलेल्या पथकाच्या संचात स्थानिक चॅनेलचा स्फटिक नसेल, तर दोन्ही पथके एकाच ढिगाऱ्याशी उभी असूनही वायरलेसवर एकमेकांशी बोलू शकत नसत.

एका स्फटिकातून हजारो वारंवारता

सिंथेसायझरने ही अडचण मुळापासून दूर केली. त्याच्या गाभ्याशी असलेली रचना फेज-लॉक्ड लूप या नावाने ओळखली जाते. तिच्यामागील तत्त्व फ्रेंच अभियंता आंरी द बेलसीझ याने १९३२ मध्ये मांडले होते, पण ती खिशात मावणाऱ्या संचात आली ती एकात्मिक परिपथ, म्हणजे आयसी, स्वस्त झाल्यावर.

या रचनेत एक स्फटिक आणि एक दोलक, म्हणजे लहर निर्माण करणारा परिपथ, असतो. दोलकाची वारंवारता त्याला दिलेल्या व्होल्टेजप्रमाणे कमीजास्त होते, कारण त्यातल्या व्हॅरेक्टर नावाच्या डायोडची धारिता व्होल्टेजबरोबर बदलते. अशा दोलकाला हव्या त्या जागी चटकन नेता येते, परंतु तो स्वतःहून स्थिर राहत नाही. स्फटिक स्थिर असतो, परंतु तो जागचा हलत नाही. सिंथेसायझर या दोघांना एकत्र बांधतो आणि दोलकाला स्फटिकाच्या लयीत ठेवतो. भजनात टाळकरी पुढे जाऊ लागला की मृदंगाचा ठेका त्याला मागे खेचतो आणि मागे पडला की पुढे ओढतो, तसाच हा व्यवहार आहे.

प्रत्यक्ष आकडे घेतले की यातले गणित उघड होते. संचात १२.८ मेगाहर्ट्झचा एकच स्फटिक आहे असे समजा. त्याच्या वारंवारतेला १०२४ ने भागले की बरोबर १२.५ किलोहर्ट्झ मिळतात. ही झाली संदर्भ वारंवारता. दुसरीकडे दोलकाच्या वारंवारतेला एका मोजणी परिपथातून १२,००० ने भागले जाते. दोलक जर नेमक्या १५० मेगाहर्ट्झवर असेल, तर भागाकारही बरोबर १२.५ किलोहर्ट्झ येतो. फेज तुलनाकार हा परिपथ या दोन्ही स्पंदमालिका सतत ताडून पाहतो. फेज म्हणजे आवर्तनातली त्या क्षणाची स्थिती. एका मालिकेचे स्पंद दुसरीच्या आधी किंवा नंतर येऊ लागले, की तुलनाकार त्या फरकाच्या प्रमाणात दोलकाचे व्होल्टेज वाढवतो किंवा उतरवतो आणि फरक मिटेपर्यंत हे चालू राहते. फरक मिटला की लूप ‘लॉक’ झाली असे म्हणतात. आता भाजक १२,००० ऐवजी १२,००१ केला, तर लूप पुन्हा जुळते ती १५०.०१२५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे नेमक्या पुढच्या चॅनेलवर. स्फटिक तोच राहतो, फक्त एक संख्या बदलते आणि ती संख्या संचातल्या स्मृतीत साठवता येते. बारा स्फटिकांची जागा एका स्फटिकाने आणि थोड्याशा अंकगणिताने घेतली, ती अशी.

यातला भागाकारही वाटतो तितका सोपा नाही. सेकंदाला पंधरा कोटी आवर्तने मोजणारा आणि शिवाय कोणत्याही संख्येने भागू शकणारा परिपथ बनवणे पूर्वी महाग होते आणि तो वीजही फार खाई. यावर निघालेला उपाय सुंदर आहे. दोलकाला लागून एक वेगवान भाजक ठेवतात, तो फक्त दोनच संख्यांनी भागू शकतो, ६४ किंवा ६५. मागचा संथ गणक त्याला केव्हा कशाने भागायचे ते सांगतो. १२,००० चा भाजक हवा असेल तर वेगवान भाजक ३२ वेळा ६५ ने आणि १५५ वेळा ६४ ने भागतो. ३२ गुणिले ६५ म्हणजे २,०८०, १५५ गुणिले ६४ म्हणजे ९,९२०, आणि दोहोंची बेरीज बरोबर १२,०००. पुढच्या चॅनेलसाठी ३३ वेळा ६५ आणि १५४ वेळा ६४ केले की १२,००१ होतात. शाळेतल्या मुलाला कागदावर पडताळता येईल अशा या हिशोबावर वॉकीटॉकीच्या किती तरी पिढ्या उभ्या राहिल्या.

उन्हाळा आणि गर्दी

मे महिन्यात नांदेड-लातूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभ्या असलेल्या पोलीस जीपमध्ये बसवलेला संच त्याहून कितीतरी तापतो. उष्णतेने स्फटिकाचीही वारंवारता किंचित सरकते आणि सिंथेसायझरमध्ये सगळी चॅनेल एकाच स्फटिकावर अवलंबून असल्याने तो सरकला तर सगळीच सरकतात. म्हणून चांगल्या संचात तापमानाची भरपाई करणारा स्फटिक-दोलक असतो. त्याची चूक दहा लाखांत अडीच भागांपेक्षा जास्त नसेल, तर १५० मेगाहर्ट्झवर ती ३७५ हर्ट्झ भरते आणि ती सहज खपून जाते. दहा लाखांत वीस भाग चुकणारा साधा स्फटिक मात्र ३ किलोहर्ट्झ दूर जातो, आणि १२.५ किलोहर्ट्झच्या वाटेत एवढे सरकणे परवडत नाही.

दुसरी कसोटी गर्दीची. नांदेडला तख्त सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात होला मोहल्ला किंवा दसऱ्याच्या वेळी देशभरातून भाविक येतात आणि अशा बंदोबस्तात थोड्याशा जागेत अनेक संच वेगवेगळ्या चॅनेलवर एकाच वेळी बोलत असतात. कोणत्याही दोलकाची वारंवारता एखाद्या रेषेसारखी निखळ नसते, तिच्या दोन्ही बाजूंना क्षीण गोंगाट पसरलेला असतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या संचातली जोरदार लहर ऐकणाऱ्या संचातील दोलकाच्या या गोंगाटाशी मिसळली, की चॅनेल वेगळे असूनही दूरचा क्षीण संदेश तिच्याखाली दबून जातो. हा गोंगाट किती कमी आहे यावर सिंथेसायझरची खरी प्रत ठरते. दुकानात दोन संच शेजारी ठेवून बोलून पाहिल्याने ती कळत नाही.

येथे रचनाकाराला एक तडजोड करावी लागते. तुलनाकार आणि दोलक यांच्यामध्ये एक गाळणी असते, ती तुलनाकाराचे अधूनमधून येणारे झटके सपाट करून दोलकाला शांत व्होल्टेज देते. गाळणी संथ ठेवली तर लहर स्वच्छ मिळते, पण चॅनेल बदलायला वेळ लागतो. चपळ ठेवली तर वेळ वाचतो, पण लहरीत भेसळ शिरते. अलीकडच्या सिंथेसायझरमध्ये भाजक पूर्णांकच असावा ही अट उरलेली नाही. दोन पूर्णांकांमध्ये आलटून-पालटून सरासरीने अपूर्णांक साधला जातो, त्यामुळे संदर्भ वारंवारता मोठी ठेवता येते आणि वेग व स्वच्छता या दोहोंचा बऱ्यापैकी मेळ बसतो.

एक अँटेना, दोन दावेदार

बोलताना वाहनातला संच अँटेनाला २५ वॉट शक्ती देतो, हातातला सुमारे ५ वॉट. ऐकताना त्याच अँटेनावर येणारा ग्राह्य संदेश पाव मायक्रोव्होल्ट इतका क्षीण असू शकतो. नेहमीच्या ५० ओहमच्या रोधात २५ वॉट म्हणजे सुमारे ३५ व्होल्ट होतात. हातातल्या संचाचा विचार केला, तरी जाणारी शक्ती येणाऱ्या शक्तीच्या ४ वर १५ शून्ये इतक्या पट असते. इतका क्षीण संदेश ऐकण्यासाठी घडवलेल्या ग्राहकात प्रेषकाची शक्ती सरळ शिरली, तर त्याचा पहिला ट्रान्झिस्टर क्षणात जळेल. म्हणून अँटेना एका वेळी एकालाच मिळाली पाहिजे.

जुन्या संचांत हे काम रिले करी. बटण दाबले की विद्युतचुंबकाने पट्टी ओढली जाई, ‘टक्’ असा आवाज होई आणि अँटेना प्रेषकाला जोडली जाई. रिले भरवशाचा असला तरी त्याचे संपर्कबिंदू झिजतात, धूळ आणि ओल त्यांना खराब करते, त्याला धक्के सोसत नाहीत आणि पट्टी हलायला काही मिलिसेकंद लागतात.

आजच्या संचांत ही जागा पिन डायोडने घेतली आहे. अर्धवाहकाच्या पी आणि एन या दोन थरांच्या मध्ये जवळपास शुद्ध सिलिकॉनचा एक थर ठेवून तो बनवतात. त्यातून थोडा एकदिश प्रवाह सोडला की मधला थर विद्युतभारांनी भरून जातो आणि रेडिओ लहरीला तो जवळजवळ सलग तारेसारखा वाटतो. प्रवाह बंद केला की तोच डायोड एका अतिशय लहान धारित्रासारखा होऊन वाट अडवतो. मधल्या थरात साठलेले भार लहरीच्या एका आवर्तनाच्या अवधीत ओसरत नाहीत, म्हणून साध्या डायोडप्रमाणे तो लहरीचा अर्धा भाग कापून टाकत नाही. काही मिलिअँपिअरच्या प्रवाहाने कित्येक वॉटची लहर सोडता किंवा अडवता येते, ती या गुणामुळे.

असे दोन डायोड वापरून केलेली मांडणी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. पहिला डायोड प्रेषक आणि अँटेना यांच्यामध्ये असतो. अँटेनाकडून ग्राहकाकडे जाणाऱ्या वाटेवर पाव तरंगलांबीची तार असते आणि तिच्या ग्राहकाकडील टोकाला दुसरा डायोड जमिनीला, म्हणजे परिपथाच्या शून्य पातळीला जोडलेला असतो. बोलताना एकच प्रवाह दोन्ही डायोडांतून वाहतो. पहिला डायोड प्रेषकाची वाट उघडतो आणि दुसरा ग्राहकाचे तोंड जमिनीला टेकवून त्याला वाचवतो. पाव तरंगलांबीच्या तारेचा गुण असा की तिचे एक टोक जमिनीला टेकवले तर दुसऱ्या टोकाकडून पाहणाऱ्या लहरीला तेथे वाटच नाही असे दिसते. म्हणून सगळी शक्ती अँटेनाकडे जाते, ग्राहकाकडे वळत नाही. बटण सोडले की प्रवाह थांबतो, दोन्ही डायोड बाजूला होतात आणि अँटेनावरचा संदेश सरळ ग्राहकात जातो. १५० मेगाहर्ट्झला तरंगलांबी २ मीटर, म्हणजे पाव भाग ५० सेंटिमीटर; एवढी तार हातातल्या संचात मावत नाही, म्हणून तिच्याऐवजी एक छोटे वेटोळे आणि दोन धारित्रे तेच काम करतात. ऐकताना डायोडांना प्रवाह लागतच नाही, हाही मोठा लाभ आहे, कारण बंदोबस्तावरचा संच दिवसातला बहुतेक वेळ ऐकतच असतो आणि त्याची बॅटरी तेवढी जास्त टिकते.

क्रम चुकता कामा नये

सिंथेसायझर आणि अँटेना स्विच यांची गाठ पडते ती बटण दाबण्याच्या क्षणी. ऐकताना संच आलेल्या लहरीला एका ठरलेल्या मधल्या वारंवारतेवर उतरवून घेतो, ती २१.४ मेगाहर्ट्झ असेल, तर १५० मेगाहर्ट्झ ऐकण्यासाठी दोलक १२८.६ मेगाहर्ट्झवर, म्हणजे भाजक १०,२८८ वर असतो. बोलताना तो १२,००० वर न्यावा लागतो. म्हणून बटण दाबताच आधी ग्राहक मुका केला जातो, मग सिंथेसायझरला नवी संख्या दिली जाते, लूप लॉक झाल्याची खूण आली की अँटेना प्रेषकाकडे वळते आणि सर्वांत शेवटी शक्ती चढवली जाते. बटण सोडल्यावर हाच क्रम उलटा चालतो. लॉक होण्यापूर्वी शक्ती चढली तर संच जाता जाता मधल्या सगळ्या चॅनेलवर ओरखडा उमटवतो, आणि अँटेना वळण्यापूर्वी चढली तर तिला जायला वाट उरत नाही व डायोड किंवा शक्तिवर्धक जळू शकतो. म्हणून लॉकची खूण मिळाली नाही तर चांगला संच बोलूच देत नाही.

या सगळ्याला काही मिलिसेकंद ते त्याच्या कित्येक पट वेळ लागतो. शिवाय ऐकणारा संच बॅटरी वाचवण्यासाठी डुलकी घेत असेल, तर त्याला जागे व्हायला वेळ लागतो, आणि मध्ये रिपीटर, म्हणजे संदेश ऐकून पुढे पाठवणारा संच, असेल तर त्यालाही. त्यामुळे बटण दाबताक्षणी बोलणाऱ्याची पहिली अक्षरे गळतात आणि नेमकी तिथेच हाक मारलेल्या ठाण्याचे नाव असते. उलट, शेवटचा शब्द पुरा होण्याआधी बटण सोडणे मराठीत विशेष धोक्याचे, कारण आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो: ‘गाडी सोडू नका’ यातले ‘नका’ कापले गेले तर उरते ‘गाडी सोडू’. बटण दाबावे, क्षणभर थांबावे, बोलावे आणि वाक्य संपल्यावर क्षणभराने सोडावे, हा नियम शिस्तीच्या हौसेतून आलेला नाही, तो संचाच्या रचनेतूनच आला आहे.

दूरचा पल्ला आणि नवे संच

व्हीएचएफ लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. सपाट माळावर ३० मीटर उंचीच्या खांबावरील अँटेनाचा हातातल्या संचापर्यंतचा पल्ला साधारण २५ ते ३० किलोमीटर भरतो; लातूरपासून किल्लारी सुमारे ४० किलोमीटर आहे. म्हणून उंचावर रिपीटर बसवतात, तो एका वारंवारतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर पुढे पाठवतो. येथे पाळीपाळीचा स्विच चालत नाही. दोन्ही कामे एकदम चालू असल्याने धातूच्या नळकांड्यांसारख्या गाळण्यांचा डुप्लेक्सर लावून दोन वारंवारता एकाच अँटेनावर वेगळ्या ठेवल्या जातात. त्याहून दूर, मधे रिपीटर नसताना, हॅम रेडिओचालक ७ मेगाहर्ट्झसारख्या लघुलहरींचा आधार घेतात, कारण त्या वातावरणाच्या वरच्या आयनांबरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरवर उतरतात.

डिजिटल संचांनी या दोन्ही घटकांची परीक्षा अधिक कठीण केली आहे. डीएमआर, म्हणजे डिजिटल मोबाइल रेडिओ, या पद्धतीत १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच वाटेवर वेळेचे ३० मिलिसेकंदांचे दोन आळीपाळीचे भाग पाडून दोन संभाषणे चालवतात. त्यामुळे बोलणाऱ्या संचाला दर ३० मिलिसेकंदांनी लहर सोडावी आणि थांबवावी लागते, म्हणजे सेकंदाला सोळाहून अधिक वेळा. रिलेची पट्टी इतक्या वेगाने दिवसभर नाचवली तर ती फार काळ टिकणार नाही. पिन डायोडला त्याचे काहीच वाटत नाही.

जाण गावातच हवी

नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे पोलिसांच्या नांदेड परिक्षेत्रात येतात, राज्य पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे आणि नांदेड हे दक्षिण मध्य रेल्वेच्या विभागाचे ठिकाण असल्याने लोको पायलट आणि ट्रेन मॅनेजर यांच्या हातीही वॉकीटॉकी असते. म्हणजे या साधनावर विसंबणारी माणसे या भागात पुष्कळ आहेत. आपत्ती मात्र दुरुस्तीच्या कार्यशाळेपर्यंत जायला सवड देत नाही. संच बोलत नसेल तर लूप लॉक होत नाही की अँटेना स्विच जळाला आहे, हे जागेवर ओळखणारी माणसे तालुक्या-तालुक्यात असणे ही चैन नव्हे, ती तयारीचाच भाग आहे.

ही जाण मिळवणे आज पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. नांदेडपासून फार दूर नसलेल्या हैदराबादचे हॅम रेडिओचालक अशर फरहान यांनी घरी जोडता येईल असा मायक्रोबिटएक्स हा लघुलहरी संच २०१७ च्या अखेरीस जगापुढे ठेवला आणि त्याचे आराखडे सर्वांना खुले केले. त्यातला सिंथेसायझर नखाएवढ्या एका आयसीत मावतो. २५ मेगाहर्ट्झच्या एका स्फटिकावरून तो आधी ६०० ते ९०० मेगाहर्ट्झमधली वारंवारता घडवतो आणि मग तिला भागून हवी ती वारंवारता देतो. नांदेडची श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था असो, लातूरची अभियांत्रिकी महाविद्यालये असोत किंवा तालुक्याच्या ठिकाणची आयटीआय असो, विद्यार्थ्यांनी असा संच हाताने जोडावा, भाजकाची संख्या बदलून चॅनेल सरकताना पाहावे, पिन डायोडचा वेगळा परिपथ जोडून त्याचा प्रवाह तोडल्यावर लहर अडताना पाहावे आणि त्याबरोबर दूरसंचार विभागाचा हॅम परवाना मिळवावा, तर प्रत्येक तालुक्यात असे जाणते हात तयार होतील. किल्लारीच्या भूभागाने एकदा घात केला आहे आणि पुढच्या वेळी पूर्वसूचना मिळेलच असे नाही. त्या वेळी लागणारे ज्ञान आजच्या वर्गात आणि कार्यशाळेत शिकवले गेले असेल तरच हाताशी असेल, आणि ते शिकवण्याला आज कसलीही अडचण नाही.